जोडीचा निरोप

वैद्यकीय व्यवसायात मृत्यूशी आमचा परिचय नित्याचा असतो. तथापि मृत्यूचा दिवस व घटका आपण स्वतः निश्चित करावी, असा प्रसंग आमच्यावर येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली अरुणा शानबाग प्रकरणात आणि पुढे २०१८ साली अधिक विस्ताराने, असाध्य अवस्थेतील रुग्णाचे जीवरक्षक उपचार थांबविण्याचा मार्ग काही अटींवर मोकळा केला. परंतु औषध टोचून जीवन संपविणे माणसाच्या बाबतीत आजही निषिद्धच आहे. पशुवैद्यकाला मात्र हे कर्तव्य वारंवार पार पाडावे लागते. आमच्या इंदूरच्या घरी तो प्रसंग आला सशांच्या एका जोडीमुळे.

मराठीत आपण ज्याला सरसकट 'ससा' म्हणतो, त्यात वस्तुतः दोन भिन्न प्राणी आहेत. आपल्या शेतामाळांवरचा रानससा बहुधा एकटा हिंडणारा. त्याची पिल्ले डोळे उघडे व अंगावर लव घेऊनच जन्मास येतात. घरी पाळला जातो तो ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा. तो बिळांच्या वसाहतीत, गोतावळ्यात राहणारा. त्याची पिल्ले आंधळी व उघडी जन्मतात आणि बिळाच्या उबेत वाढतात. सोबत ही त्याच्या दृष्टीने चैन नसून गरज आहे.

कापशी आणि भुऱ्या हे दोघे बाजारात कुणीतरी खोक्यात टाकून दिलेले ससे. दोघेही वाढलेले, कृश, कानांत खरजेच्या खपल्या. पशुवैद्यांनी खरूज बरी केली आणि दोघांचीही निर्बीजीकरण शस्त्रक्रिया केली. त्यानंतर काही आठवडे शेजारशेजारच्या पिंजऱ्यांत ठेवून त्यांची पुन्हा हळूहळू गाठ घालून दिली. एकदा सूत जुळल्यावर ते कधी दूर झाले नाहीत. कुशीला कूस लावून निजणे, एकमेकांचे कपाळ व कान चाटून स्वच्छ करणे, एकच मेथीची काडी दोन टोकांनी खाणे, हा त्यांचा आठ वर्षांचा संसार.

सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात. उतारवयात कापशीच्या दाढांच्या मुळांशी विकृती होऊन जबड्यात गळू झाले. माणसाच्या गळवाला चीर दिली की निचरा होतो; सशाचा पू खव्यासारखा घट्ट असतो, तो वाहून जात नाही. आमच्या नित्य वापरातले अमॉक्सिसिलिन सशाला तोंडाने दिले तर आतड्यांतील उपकारक जंतूंचा समतोल ढळून ते जिवावर बेतू शकते, हेही आम्हांस तेव्हाच पशुवैद्यांकडून कळले. शस्त्रक्रिया झाली, इंजेक्शने झाली, गळू पुन्हा उद्भवले.

भक्ष्य म्हणून जगणारा प्राणी वेदना लपवितो, कारण दुबळेपणा दिसला की शिकारी टपलेलाच असतो. त्यामुळे त्याची वेदना ओळखण्यासाठी २०१२ साली चेहऱ्यावरील खुणांची एक मोजपट्टी मांडण्यात आली: डोळे आक्रसणे, गाल सपाट होणे, नाकपुड्या, मिशा व कान यांची ठेवण बदलणे. बोलता न येणाऱ्या नवजात अर्भकाची वेदना जे बालरोगतज्ज्ञ चेहऱ्यावरून वाचतात, त्यांना ही पद्धत परकी वाटणार नाही. कापशीचे डोळे दिवसेंदिवस अर्धवट मिटलेले राहू लागले. दात करकरा वाजत. वेदनाशामक औषधाचा परिणाम ओसरला की ती भिंतीकडे तोंड करून बसे. "आणखी किती दिवस?" हा प्रश्न आपल्या मनाच्या सोयीने विचारायचा नसतो. ती स्वतःहून खाते का, आपले अंग चाटते का, भुऱ्या जवळ आला की मान खाली घालते का, ही तीन उत्तरे आम्ही रोज लिहून ठेवली. तिन्ही उत्तरे सलग 'नाही' आली, तेव्हा निर्णय झाला.

पशुवैद्य घरी आले. प्रथम गुंगीचे औषध, ती पूर्ण शांत झाल्यावर कानाच्या कडेच्या शिरेतून भुलीच्या औषधाची मोठी मात्रा. तिला कळले नसावे. यानंतर त्यांनी एक सूचना केली, ती विशेषेकरून सांगण्याजोगी आहे. देह लगेच उचलू नका, म्हणाले. भुऱ्याला तिच्यापाशी राहू द्या. जोडीदार एकाएकी दिसेनासा झाला तर मागे उरलेला ससा त्याला शोधत राहू शकतो. देह हुंगल्यावर काही ससे शोध थांबवितात. भुऱ्याने तिला हुंगले, नाकाने दोनदा ढोसले, कान चाटले आणि मग बराच वेळ तिच्या पाठीशी पाठ लावून बसला. तासाभराने तो स्वतःच उठून दूर गेला. याला शोक म्हणावे की अन्य काही, या वादात शिरण्याचे कारण नाही. त्याला जे जाणून घ्यायचे होते त्यासाठी वेळ मिळाला, एवढे खरे.

त्या दिवसापासून भुऱ्या हाच आमचा रुग्ण. सशाला ओकता येत नाही आणि त्याचे पोट रिते राहून चालत नाही. अर्धा दिवस अन्न सुटले तर आतड्यांची हालचाल मंदावून प्राणावर बेतते. आम्ही त्याच्या लेंड्या मोजल्या, गवत तोलून ठेवले, कापशीचे अंथरूण काही दिवस तसेच राहू दिले. नवा सोबती आणावा असे सुचविले गेले. पण त्याचे वय व थकलेले हृदय पाहता पशुवैद्यांनी नव्या ओळखीचा ताण देऊ नये असे ठरविले. त्याऐवजी घरातील कुणी ना कुणी सायंप्रातः, म्हणजे सशाच्या जागेपणाच्या वेळी, जमिनीवर त्याच्याजवळ बसे. पाच महिन्यांनी एका पहाटे झोपेतच तो गेला. अंगणातील पारिजातकाखाली कापशीशेजारी त्याला जागा दिली.

वाचकहो, पाळीव प्राण्याच्या मृत्यूनंतर शेजारीपाजारी "ससाच तर होता" म्हणतात आणि दुःख करणाऱ्याला ते लपवावे लागते. ज्या शोकाला समाज मान्यता देत नाही, त्याला केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ साली स्वतंत्र संज्ञा दिली. तो शोक कमी प्रतीचा असतो असे मात्र त्यांनी म्हटले नाही. आपल्या दवाखान्यात एखादे आजोबा निद्रानाशाची तक्रार घेऊन येतात, एखादी शाळकरी मुलगी जेवत नाही, म्हणून आई तिला घेऊन येते. रक्तदाब तपासून झाल्यावर घरात अलीकडे कोण गेले हे आपण विचारतोच. त्या प्रश्नात घरच्या मुक्या जिवांचाही समावेश करावा. आणि जिथे दोघे होते तिथे आता एकच उरला असेल, तर त्या उरलेल्याच्या खाण्यापिण्याची विचारपूसही अवश्य करावी, मग तो ससा असो वा माणूस.