रेशीम संगोपनगृहातील उझी माशी : जाळी, परोपजीवी कीटक आणि शेजारधर्म

आधुनिक तंत्रज्ञान म्हणजे अधिक तीव्र औषध आणि शाश्वत शेती म्हणजे औषध बंद करून उत्पन्नात तूट सोसणे, असे दोन समज गावोगावच्या शेतकरी मेळाव्यांत सहज ऐकू येतात. रेशीम संगोपनगृहात हे दोन्ही टिकत नाहीत. तेथे ज्याचे पालन करावयाचे तो कीटकच आणि ज्याचा नाश करावयाचा तोही कीटकच. हा भेद फवारणीच्या औषधास कळत नाही.

म्हैसूर परिसरातील रेशीम उत्पादकांपुढे हा पेच 1980 मध्ये उभा राहिला. पश्चिम बंगालमध्ये पूर्वीपासून आढळणारी उझी माशी त्या वर्षी कोषांच्या वाहतुकीबरोबर कर्नाटकात पोहोचली. म्हणजे तिला येथे आणले ते वाऱ्याने नव्हे, व्यापाराने.

राखाडी रंगाच्या या माशीच्या पाठीवर चार काळे उभे पट्टे असतात. चौथ्या व पाचव्या अवस्थेतील रेशीम अळीच्या अंगावर ती अंडी घालते. दोन ते तीन दिवसांत अंड्यातून निघालेली अळी रेशीम कीटकाच्या शरीरात शिरते व त्या जागी काळा डाग उमटतो. पाचव्या अवस्थेच्या आरंभी प्रादुर्भाव झाल्यास कीटक कोष विणण्यापूर्वीच मरतो. उशिरा झाल्यास नुकसान अधिक फसवे असते: कोष विणला जातो, परंतु उझीची अळी तो भोकसून बाहेर पडते. अखंड धागाच तुटल्यामुळे असा कोष धागाकाढणीस निरुपयोगी ठरतो. तुती, मजुरी, निर्जंतुकीकरण हा सर्व खर्च तोवर झालेला असतो.

म्हैसूर येथील केंद्रीय रेशीम संशोधन व प्रशिक्षण संस्थेने यावर ज्या उपायांचा प्रसार केला, त्यांत यंत्रांचा थाट नाही. दारे-खिडक्यांना नायलॉन जाळी आणि प्रवेशद्वाराशी छोटी बंदिस्त खोली हा पहिला उपाय. जाळी बसविणारे पुष्कळ असतात. तिला पडलेले भोक शिवणारे मात्र थोडेच. खिडकीशी पसरट पांढऱ्या भांड्यात ठेवलेले उझीट्रॅपचे द्रावण माश्यांना आकर्षून मारते. यापुढचा उपाय जिवंत आहे. नेसोलिंक्स थायमस हा चिमुकला परोपजीवी कीटक उझीच्या प्युपांवर अंडी घालून त्यांचा नाश करतो; रेशीम कीटकास त्याची बाधा होत नाही. 100 अंडीपुंजांच्या बॅचसाठी सुमारे 1 लाख परोपजीवी सोडण्याची शिफारस आहे. कोष काढणीनंतर ही पाकिटे टाकून न देता कचऱ्याच्या खड्ड्याजवळ ठेवावीत, कारण उझीचे प्युपा सैल मातीत व भेगांतच दडलेले असतात.

विस्तार कार्यकर्त्यांची खरी कसोटी मात्र हिशेबात लागते. एका शेतकऱ्याने पाकिटे विकत घेतली आणि शेजारच्या शेडमध्ये काहीच झाले नाही, तर माश्या तेथून येतच राहतात. पहिल्या शेतकऱ्याचा खर्च वाया गेल्यासारखा दिसतो आणि ‘जैविक उपाय चालत नाहीत’ हे मत गावात पक्के होते. दोष उपायाचा नसतो, एकट्याने करण्याचा असतो. म्हणून शक्य तेथे गटाने एकाच सुमारास बॅच घ्याव्यात व परोपजीवी कीटकांची मागणीही एकत्रित नोंदवावी. तुतीलगतच्या कापूस-सोयाबीनवरील फवारणीचा दिवस शेजाऱ्यांनी आधी कळविणे हाही याच व्यवस्थेचा भाग होय. पानांवर उडालेले औषध रेशीम कीटकांस मारते, तसेच बाहेर सोडलेल्या परोपजीवींनाही.

मराठवाड्यातील अनेक उत्पादक कोष विक्रीसाठी रामनगरच्या बाजारपेठेत नेत आले आहेत. 2018 मध्ये जालना येथे कोष बाजारपेठ सुरू झाल्यामुळे हा प्रवास काहींसाठी टळला. भाड्याची बचत सर्वांना दिसते, कीटकांच्या प्रवासाला बसलेला आळा सहसा कोणी मोजत नाही. दूरच्या बाजारातून परतलेली पोती व क्रेट संगोपनगृहात थेट नेऊ नयेत. झटकून, धुऊन, कडक उन्हात वाळवावीत.

काढणीनंतर कोषांच्या ढिगाखाली उझीच्या अळ्या पडू लागतात. त्या व प्युपा दररोज गोळा करून 0.5 टक्के साबणाच्या द्रावणात टाकावेत. झाडून उकिरड्यावर लोटलेली अळी मातीत शिरते आणि सुमारे दहा-बारा दिवसांत माशी होऊन बाहेर पडते. त्या वेळी गावात कोणाच्या तरी शेडमध्ये पाचव्या अवस्थेची बॅच चालू असतेच.