स्वस्त पॉवर टिलर : आयात नेमकी कशाची करावयाची?

पुसद तालुक्यात पूस आणि पैनगंगा या नद्यांच्या आश्रयाची काळी भारी जमीन एकीकडे आणि डोंगरउतारावरची खडकाळ, हलकी बरड दुसरीकडे, असे शेतीचे दोन भिन्न प्रकार शेजारी शेजारी नांदतात. पीक मात्र दोन्हीकडे बहुतांशी तेच : कापूस, तूर आणि सोयाबीन. पेरणी उरकल्यानंतरचे पहिले दीड-दोन महिने या पिकांच्या दृष्टीने निर्णायक असतात. पावसाने उघडीप दिली, जमिनीला वाफसा आला, की साऱ्या शिवाराला एकाच वेळी डवरे हवे असतात. हा वाफसा चार-दोन दिवसच टिकतो. ज्याच्या दावणीला बैलजोडी आहे त्याची डवरणी वेळेवर होते. ज्याच्याकडे ती नाही त्याला दुसऱ्याचे काम संपेपर्यंत थांबावे लागते. आणि तोवर पुन्हा पाऊस लागला तर तण पिकाला झाकून टाकते. मग निंदणाच्या मजुरीतच हंगामाची मिळकत वाहून जाते. परदेशातून स्वस्त पॉवर टिलर आणावेत की नाहीत, हा वरवर व्यापारी धोरणाचा वाटणारा प्रश्न वस्तुतः या चार-दोन दिवसांचा प्रश्न आहे.

बैल गेला, ट्रॅक्टर परवडेना

1970-71 च्या कृषिगणनेत महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र 4.28 हेक्टर होते. 2015-16 च्या गणनेत ते 1.34 हेक्टरवर, म्हणजे जेमतेम सव्वातीन एकरांवर आले. बैलांना काम असो वा नसो, वैरण वर्षभर घालावीच लागते आणि एवढ्या तुकड्यावर तो खर्च निघत नाही. 2012 आणि 2019 या दोन पशुगणनांच्या दरम्यान देशातील नर गोवंशाची संख्या सुमारे 30 टक्क्यांनी घटली, ती उगीच नव्हे. महाराष्ट्रात 2015 पासून बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली. त्यामुळे म्हातारा बैल विकून नव्याच्या किमतीला हातभार लावण्याचा जुना मार्गही अरुंद झाला आहे.

ट्रॅक्टरने ही उणीव अर्धीच भरून काढली. नांगरट आणि वखरणी भाड्याच्या ट्रॅक्टरने होते. परंतु वाढलेल्या कपाशीच्या दोन ओळींमधून मोठा ट्रॅक्टर नेता येत नाही. जेथे बैल उरला नाही आणि ट्रॅक्टर शिरू शकत नाही, तेथेच माणसाने मागून चालत हाकावयाच्या लहान यंत्राची गरज भासते. देशी बनावटीच्या 12-13 अश्वशक्तीच्या टिलरची किंमत दोन लाखांच्या आसपास जाते. शासनाचे 40 ते 50 टक्के अनुदान असले तरी महाराष्ट्रात आधी यंत्र विकत घ्यावयाचे आणि अनुदान मागाहून खात्यात जमा व्हावयाचे, असा क्रम आहे. ज्याच्या हाती रोख रक्कम नाही तो या रांगेत उभाच राहू शकत नाही. अशा शेतकऱ्याला निम्म्या-पाव किमतीचे परदेशी यंत्र मोहात पाडते, यात नवल ते काय?

निर्बंधाचे अर्थशास्त्र

हे यंत्र मुळात परदेशीच आहे, याचा विसर पडता कामा नये. ते आले जपानच्या भातखाचरांतून. 1967 साली बंगलोर येथे मित्सुबिशीच्या सहकार्याने आणि 1973 साली केरळात अथाणी येथे कुबोटाच्या सहकार्याने त्याचे उत्पादन करणाऱ्या कंपन्या आपल्या देशात उभ्या राहिल्या. म्हणजे त्या काळी आयात झाली ती केवळ यंत्राची नव्हे, तर यंत्र घडविण्याच्या विद्येची. पुढे चीनमधून तयार आणि स्वस्त टिलर येऊ लागले. अखेर जुलै 2020 मध्ये केंद्र शासनाने पॉवर टिलर व त्यांचे सुटे भाग ‘निर्बंधित’ वर्गात टाकले. एखाद्या आयातदाराने 2019-20 मध्ये जेवढ्या किमतीचे टिलर आणले असतील त्याच्या 10 टक्क्यांपर्यंतच त्याला परवाना मिळेल, असे तेव्हा ठरविण्यात आले.

देशी उद्योगाला संरक्षण देण्याच्या तत्त्वाला विरोध करण्याचे कारण नाही. या उद्योगावर हजारो कामगारांची उपजीविका आणि अर्धशतकाचे कौशल्य अवलंबून आहे. आक्षेप आहे तो संरक्षणाच्या या पद्धतीला. मागील वर्षाच्या आयातीशी जोडलेली मर्यादा यंत्राचा गुण पाहत नाही. चांगले यंत्र आणि टाकाऊ यंत्र या दोहोंना ती एकाच काट्याने तोलते. नव्याने या व्यवसायात उतरू पाहणाऱ्या सहकारी संस्थेला तर मागील आयातच नसते. तिला दहा टक्के कशाचे मिळणार? संरक्षणाचा लाभ मूठभर कारखान्यांना आणि त्याची किंमत मात्र सव्वातीन एकरवाल्याने भरावयाची, असा हा व्यवहार होतो.

उलट बाजूही तितकीच खरी आहे आणि यवतमाळ जिल्ह्याइतकी ती दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार नाही. 2017 च्या खरिपात या जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. औषधांची घातक मिश्रणे, डोक्याएवढी वाढलेली कपाशी, संरक्षक साधनांचा अभाव अशी अनेक कारणे तेव्हा पुढे आली. त्यांतच, दाट तुषार उडविणाऱ्या चिनी बनावटीच्या स्वस्त पंपांचाही उल्लेख झाला. दोष एकट्या यंत्राचा नव्हता. परंतु ते कसे वापरावे हे शिकविणारा कोणीही सोबत न येता केवळ यंत्रच बाजारात आले, तर काय घडू शकते, याचा तो विदारक दाखला होता.

बांगलादेशाचे उदाहरण आणि त्याची मर्यादा

खुल्या आयातीचे समर्थक बांगलादेशाकडे बोट दाखवितात. 1988 च्या महापुरात तेथे नांगरटीची जनावरे मोठ्या संख्येने गेली. त्या देशाने आयातीवरील निर्बंध आणि ठरावीक मान्यताप्राप्त नमुन्यांचीच अट शिथिल केली. स्वस्त चिनी टिलर लाखांच्या संख्येने आले आणि बहुतेक मशागत यंत्राने होऊ लागली. ‘उत्कृष्ट’ यंत्राचाच आग्रह धरणारी कडक चाचणी गरिबाला उपयोगी पडणारे यंत्र दारातच अडवू शकते, हा त्यातील धडा आपल्या अधिकाऱ्यांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. तेथील यशाचे दुसरे कारणही महत्त्वाचे. यंत्र घेणारा स्वतःचे शेत आटोपून गावभर भाड्याने नांगरट करीत असे. यंत्र एकाचे, पण उपयोग अनेकांचा.

तथापि हे उदाहरण पुसदला जसेच्या तसे लागू पडत नाही. बांगलादेशातील जमीन गाळाची, मऊ आणि ओली. भाताच्या चिखलणीसाठीच हे यंत्र जन्मले आहे. विदर्भातील काळी जमीन पाण्याने फुगते, चाकांना चिकटते आणि वाळली की तडकून दगडासारखी टणक होते. उन्हाळी नांगरटीला हलका टिलर तेथे उपयोगी नाही. त्याचा खरा उपयोग आहे तो वाफसा असताना डवरणी आणि तणनियंत्रणापुरता. तेव्हा ‘टिलर आणा’ असे म्हणून भागत नाही. कोणत्या जमिनीत, कोणत्या दोन ओळींमधून तो चालवावयाचा, हे आधी ठरवावे लागते.

किंमत आणि खर्च

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला किंमत आणि खर्च यांतील भेद पहिल्याच वर्षी शिकविला जातो. उदाहरणादाखल काही आकडे गृहीत धरू. साठ हजारांचे परदेशी यंत्र पाच वर्षे टिकले तर वर्षाची झीज बारा हजार. मालकाने ते स्वतःच्याच शेतात वर्षाकाठी 12 दिवस वापरले, तर इंधन सोडून दिवसाला हजार रुपये पडतात; भाड्याने देऊन 60 दिवस चालविले, तर केवळ दोनशे. एक लाख ऐंशी हजारांचे देशी यंत्र दहा वर्षे टिकले आणि तेही 60 दिवस चालले, तर दिवसाला तीनशे. पण तेच साठ हजारांचे यंत्र एखाद्या सुट्या भागाअभावी दुसऱ्या वर्षाअखेर कायमचे गोठ्यात पडले, तर दिवसाला पाचशे रुपये! स्वस्त वाटणारे यंत्र सर्वांत महाग पडते ते असे. यंत्र किती रुपयांना मिळाले यापेक्षा ते किती दिवस चालले आणि बिघडल्यावर किती दिवसांत दुरुस्त झाले, यावरच शेतकऱ्याचा नफा-तोटा ठरतो.

यातून धोरणाची दिशा स्पष्ट होते. आयातीची मर्यादा मागील उलाढालीऐवजी जबाबदारीशी जोडावी. जो आयातदार निदान पाच वर्षे सुटे भाग जिल्ह्याच्या ठिकाणी उपलब्ध ठेवील आणि चालकांना प्रशिक्षण देईल, त्यालाच परवाना असावा. मग तो व्यापारी असो वा सहकारी संस्था. चाचणी उत्कृष्टतेची नको, किमान सुरक्षिततेची आणि जमिनीशी जुळण्याची हवी. मध्य प्रदेशातील बुदनी येथे शेतीयंत्रांची चाचणी होते; तिला जोड म्हणून अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने काळ्या जमिनीत आणि बरडावर ही यंत्रे प्रत्यक्ष डवरणीला लावून निष्कर्ष मराठीत प्रसिद्ध करावेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून गावातल्या मुलांना या इंजिनांची दुरुस्ती शिकवावी. आणि अनुदान एकेकट्या खरेदीदारापेक्षा भाड्याने यंत्रे देणाऱ्या गटांकडे अधिक वळवावे.

ही अपेक्षा अवाजवी नाही. पुसदजवळच्या गहुली येथे जन्मलेले वसंतराव नाईक 1963 ते 1975 या काळात मुख्यमंत्री असताना राज्यात कृषी उद्योग विकास महामंडळ 1965 साली आणि अकोल्याचे विद्यापीठ 1969 साली उभे राहिले. संकरित बियाणे त्या काळी केवळ दुकानात ठेवून शासन मोकळे झाले नाही. त्यासोबत खत, कर्ज आणि सल्ला शेतकऱ्यापर्यंत नेण्याची यंत्रणा उभारण्याचा प्रयत्न झाला. आज बियाण्याच्या जागी यंत्र आहे. ते बंगलोरहून येवो की चीनमधून, त्याच्यामागे सुटे भाग, कारागीर आणि प्रशिक्षण ही साखळी पुसदच्या बाजारपेठेपर्यंत पोहोचली पाहिजे. परवाना देताना शासनाने पहिला प्रश्न विचारावा तो याच साखळीबद्दल. पुढच्या पावसाळ्यात वाफसा येईल तो पुन्हा चार-दोन दिवसांचाच.