टिपणांची संदर्भसूची

लोणार सरोवराचे विवर किती जुने? हा प्रश्न विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी दिला, तर एकाच्या वहीत ‘सुमारे ५० हजार वर्षे’ असे उत्तर येईल आणि दुसऱ्याच्या वहीत ‘सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे’. दोन्ही छापील मजकुरातूनच घेतलेली. मग बरोबर कोणते? वहीच्या शेवटी पुस्तकांची नुसती नावे असतील, तर हे कळायला मार्ग नाही.

म्हणून संदर्भसूचीला टिपणांची जोड हवी. प्रत्येक संदर्भासाठी पोस्टकार्डाएवढे एक कार्ड घेऊ. वर लेखक, शीर्षक, प्रकाशक किंवा नियतकालिक, वर्ष आणि पृष्ठांक लिहू. त्याखाली तीन प्रश्नांची उत्तरे आपल्या शब्दांत : यात काय सांगितले आहे? कशाच्या आधारे? आपल्या प्रश्नाला त्याचा उपयोग काय?

लोणारचीच तीन कार्डे पाहू.

१) फ्रेडरिक्सन, दुबे, मिल्टन व बालसुंदरम, ‘सायन्स’, १९७३. विवर ज्वालामुखीचे नसून बेसॉल्टवर अशनी आदळून झाले. आधार : प्रचंड दाबाने बदललेली खनिजे. विवर कसे झाले, यासाठी उपयोगी.

२) सेनगुप्ता, भंडारी व वातानाबे; १९९७. वय ५२ हजार वर्षे, सहा हजार कमी-जास्त. आधार : आघातात बनलेली काच तापवल्यावर बाहेर पडणारा प्रकाश.

३) जूर्दां व सहकारी, ‘जिऑलॉजी’, २०११. वय ५ लाख ७० हजार वर्षे, ४७ हजार कमी-जास्त. आधार : आघातात वितळलेल्या खडकातील आर्गॉन वायूची मोजणी.

आता दुसरे आणि तिसरे कार्ड शेजारी ठेवू. फरक अकरा पटींचा आहे. ‘कमी-जास्त’च्या मर्यादेत तो मावत नाही. म्हणजे निव्वळ मोजण्यातल्या बारीकसारीक फरकाची ही गोष्ट नाही. दोन पद्धती नेमके काय मोजतात, असा नवा प्रश्न उभा राहतो. प्रकल्पाला खरी सुरुवात इथे होते.

एक पथ्य मात्र पाळायला हवे. मूळ लेख मिळाला नाही आणि त्याचा उल्लेख दुसऱ्या पुस्तकात वाचला, तर कार्डावर तसेच लिहावे. न वाचलेला लेख वाचल्यासारखा दाखवू नये. गुण देताना आपण शिक्षकांनीही यादीची लांबी न पाहता एखादे कार्ड उचलावे आणि विचारावे, “हे त्यांना कशावरून कळले?”