सतरा मालगाड्या गिळणारं जहाज

नवेगावबांधच्या तलावात काय काय तरंगतं? ढिवरांचा डोंगा, पर्यटकांची बोट, हिवाळ्यात आलेली पाहुणी बदकं. आणि मालवाहू जहाज? छे! गोंदिया जिल्ह्यात तलाव भरपूर, पण जहाज या काठावरून निघालं तर त्या काठाला लागणार, पुढे वाटच नाही! तशी नद्यांतून माल नेणारी बोट बघायची तर गोव्याला जा. तिथं मांडवी आणि जुवारी नद्यांतून लोहखनिजानं भरलेले बार्ज मुरगाव बंदराकडे जातात.

तलावातलं खरंखुरं अजस्र जहाज मात्र अमेरिका आणि कॅनडाच्या मधे भेटतं. तिथं एकमेकांना जोडलेली पाच महासरोवरं आहेत. त्यांतलं सुपिरिअर एवढं मोठं की आपल्यासारखे पंधरा जिल्हे त्यात मावतील, आणि सर्वात खोल जागी 406 मीटर खोल! या सरोवरांतलं सर्वात लांब जहाज म्हणजे ‘पॉल आर. ट्रेगर्था’. ते 1981 साली बांधलं. लांबी 309 मीटर, पोटात माल सुमारे 68 हजार टन. गोंदियावरून जाणारी 58 डब्यांची कोळशाची मालगाडी साधारण 4 हजार टन नेते. करा भागाकार! तिरोड्याच्या वीजकेंद्राला कोळसा रेल्वेनं येतो. मिशिगन राज्यातल्या वीजकेंद्रांना तो हे जहाज आणून देतं.

आता एवढा कोळसा उपसायचा कुणी? किती क्रेन लागतील? एकही नाही! मालाच्या कोठ्यांचा तळ दोन्ही बाजूंनी उतरता असतो आणि खाली झडपा असतात. झडप उघडली की कोळसा आपल्याच वजनानं घसरत खालच्या फिरत्या पट्ट्यावर पडतो. पट्टा तो वर डेकवर नेतो. डेकवर 75 मीटरहून लांब लोखंडी हात असतो, तो काठाकडे वळतो आणि त्याच्या टोकातून कोळशाचा धबधबा सुरू! तासाला सुमारे 10 हजार टन. काठावर मालाचा ढीग मावेल एवढी जागा असली की झालं.

मला मात्र याहून भारी वाटतो तो सू गावाजवळचा जलपाश. सुपिरिअरचं पाणी खालच्या ह्यूरॉन सरोवरापेक्षा सुमारे साडेसहा मीटर उंच आहे. मग जहाज पायरी उतरणार कसं? त्याला दोन दारांच्या लांबलचक हौदात घेतात. मागचं दार बंद करतात आणि हौदातलं पाणी हळूहळू खाली सोडतात. पाण्याबरोबर हजारो टनांचं जहाजही खाली येतं. मग पुढचं दार उघडायचं, की निघालं! वर चढायचं असेल तर वरच्या सरोवराचं पाणी आत घ्यायचं. यासाठी पंप लागतच नाही, पाणी उताराकडे आपोआप धावतं. आपल्या मालगुजारी तलावाचं तुडुम उघडलं की पाणी मोटारीशिवाय बांध्यांत पोचतं ना? युक्ती तीच.

मोठा हौद 33.5 मीटर रुंद आणि जहाज 32 मीटर. म्हणजे दोन्ही बाजूंना पाऊण-पाऊण मीटरच जागा उरते. तेवढ्या फटीतून तीन फुटबॉल मैदानांएवढं लांब जहाज सरळ आत न्यायचं! कप्तानाचे हात थरथरत नसतील का? 

काम बाराही महिने नसतं. जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत हा जलपाश बंद असतो, कारण सगळीकडे बर्फ. तेव्हा जहाजं बंदरात उभी राहतात आणि त्यांची डागडुजी होते. नोव्हेंबरची वादळं मात्र वाईट. 10 नोव्हेंबर 1975 रोजी ‘एडमंड फिट्झगेराल्ड’ हे जहाज सुपिरिअरमध्ये बुडालं, त्यावरचे सगळे 29 जण गेले. सरोवर आहे म्हणून लाटा छोट्या, असं समजू नका.

एवढी धावपळ करूनही ही जहाजं म्हातारी लवकर होत नाहीत. समुद्राचं खारं पाणी लोखंड खातं, सरोवराचं गोडं पाणी त्यामानानं सौम्य. ‘सेंट मेरीज चॅलेंजर’ हे जहाज 1906 साली पाण्यात उतरलं आणि 2013 पर्यंत स्वतःच्या यंत्रावर चाललं. त्यानंतर त्याचं यंत्र काढून त्याचा बार्ज केला. मग दुसरी एक ताकदवान बोट त्याला ढकलायची, आणि सिमेंट वाहायचं त्याचं काम तसंच चालू राहिलं.