हायब्रिड मोटारीची निवड कशी करावी?

पेट्रोल इंजिन आणि विद्युत मोटर यांच्या जोडीने चालणाऱ्या वाहनास हायब्रिड म्हणतात; ‘माइल्ड’ प्रकारात लहान मोटर इंजिनाला केवळ हातभार लावते, तर ‘स्ट्राँग’ प्रकारात गाडी काही अंतर निव्वळ विजेवरही धावते.

भारतात २०२२ मध्ये दाखल झालेल्या दोन स्ट्राँग हायब्रिड गाड्यांची तुलना येथे बोधप्रद ठरते. मारुती सुझुकीच्या ग्रँड व्हिटारामध्ये ग्रहमालेसारखी फिरणारी दंतचक्रे इंजिनाची शक्ती चाके आणि जनित्र यांत विभागतात; होंडा सिटीमध्ये मात्र शहरी वेगाला इंजिन प्रामुख्याने वीज निर्माण करते, मोटर चाके फिरवते आणि महामार्गावरील स्थिर वेगाला क्लचद्वारे इंजिन थेट चाकांना जोडले जाते. पदार्पणाच्या वेळी प्रमाणित चाचणीनुसार त्यांचे मायलेज प्रतिलिटर अनुक्रमे २७.९७ आणि २६.५ किलोमीटर होते. हा फरक अल्प असल्याने केवळ त्यावरून निर्णय घेणे योग्य नव्हे.

ब्रेक लावताना वाया जाणारी गतिज ऊर्जा मोटर विजेच्या रूपाने बॅटरीत परत साठवते. यालाच पुनर्जनन म्हणतात. त्यामुळे पुण्या-मुंबईसारख्या शहरांतील थांबत-थांबत होणाऱ्या प्रवासात हायब्रिडचा लाभ सर्वाधिक मिळतो, तर महामार्गावर तो घटतो. शिवाय बॅटरी जागा व्यापते: पेट्रोल सिटीची ५०६ लिटरची डिकी हायब्रिडमध्ये ३०६ लिटरच उरते.

म्हणून दैनंदिन मार्ग, वार्षिक अंतर आणि सामानाची गरज आधी निश्चित करावी, कारण जादा किंमत इंधनबचतीतून भरून निघणे पुरेशा वापरावरच अवलंबून असते.