संप्रेरकांचे विज्ञान आणि अपत्याची प्रतीक्षा

आमच्या रुग्णालयाच्या केसपेपर खिडकीवर ‘मूल होत नाही’ या तक्रारीची नोंद बहुधा स्त्रीच्या नावे होते. पतीचा उल्लेख असतो तो केवळ ‘पतीचे नाव’ या रकान्यापुरता. रुग्णेसोबत सासू असते, कधी आई, कधी नणंद. पती पुष्कळदा बाहेर मोटारसायकलपाशी उभा असतो किंवा गावी शेतातच असतो. कुटुंब चोपडा-यावलकडचे असो वा साक्री-शिरपूरकडचे, हे चित्र फारसे बदलत नाही. आम्ही प्रशासनाचे काम पाहणारी माणसे, डॉक्टर नव्हे. परंतु नोंदी वाचणे हे आमचे नित्याचे काम आहे आणि हा रकाना आम्हांस अनेक वर्षे खटकत आला आहे. म्हणून या विषयामागील शास्त्र आमच्या वैद्यकीय सहकाऱ्यांकडून समजावून घेऊन ते विश्वस्त, देणगीदार व रुग्णांचे नातेवाईक यांच्यापुढे सोप्या शब्दांत मांडीत आहोत.

संप्रेरके म्हणजे काय?

शरीरातील काही ग्रंथी अत्यल्प प्रमाणात रासायनिक द्रव्ये थेट रक्तात सोडतात. ही द्रव्ये दूरच्या अवयवांपर्यंत निरोप पोहोचवितात. त्यांनाच संप्रेरके अथवा हार्मोन्स म्हणतात. प्रजननाच्या कार्याचा आरंभ मेंदूत होतो. मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग ठरावीक अंतराने संदेश पाठवितो व त्याखालची पीयूषिका ग्रंथी एफ.एस.एच. आणि एल.एच. ही दोन संप्रेरके रक्तात सोडते. एफ.एस.एच.मुळे बीजांडकोशातील स्त्रीबीज वाढीस लागते. वाढणाऱ्या बीजाभोवतालच्या पेशी इस्ट्रोजेन तयार करतात. त्याची पातळी पुरेशी चढली की एल.एच. एकदम वाढते आणि त्यानंतर साधारण छत्तीस तासांनी स्त्रीबीज बाहेर पडते. पुढे प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक गर्भाशयाचे अस्तर गर्भासाठी तयार ठेवते. गर्भ राहिला नाही तर त्याची पातळी उतरते व पाळी येते.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावयाची आहे. एफ.एस.एच. व एल.एच. ही संप्रेरके केवळ स्त्रियांची नाहीत. पुरुषाच्या शरीरात हीच दोन संप्रेरके वृषणांस टेस्टोस्टेरॉन व शुक्रजंतू निर्माण करण्याचा आदेश देतात. एक शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात. म्हणजे निरोपाची व्यवस्था दोघांची एकच आहे, आणि ती दोघांपैकी कोणाच्याही शरीरात बिघडू शकते.

परळ येथील संशोधन

या विषयातील महत्त्वाचे कार्य आपल्याच राज्यात झाले आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची प्रजनन संशोधन संस्था मुंबईत परळ येथे १९७० पासून कार्यरत आहे. तो काळ कुटुंबनियोजनाचा होता आणि गर्भनिरोधक साधनांची तपासणी व संशोधन हे तेथील मोठे काम होते. परंतु गर्भधारणा कशी रोखावी हे शोधण्यासाठी ती कशी होते हे जाणावेच लागते. त्यामुळे संप्रेरकांचे जे ज्ञान पाळणा लांबविण्यासाठी जमविले गेले, तेच पुढे रिकाम्या पाळण्याच्या घरांस उपयोगी पडले.

प्रजनन संप्रेरकांचे अभ्यासक डॉ. टी. सी. आनंद कुमार हे या संस्थेचे संचालक असताना संस्थेने परळच्याच के.ई.एम. रुग्णालयातील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्यासह काम केले. स्त्रीबीज शरीराबाहेर काढून, प्रयोगशाळेत फलित करून गर्भाशयात ठेवण्याच्या या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी के.ई.एम.मध्ये एक मुलगी जन्मास आली. महानगरपालिकेच्या, सर्वसामान्यांच्या रुग्णालयात हे घडले, याचे आम्हां धर्मादाय क्षेत्रातील लोकांस विशेष अप्रूप वाटते. २०१६ मध्ये तीच मुलगी स्वतः आई झाली. तिची प्रसूतीही डॉ. हिंदुजा यांच्याच हातून झाली.

श्रेय कोणाचे?

देशातील पहिली ‘टेस्ट ट्यूब बेबी’ म्हणून या घटनेचा सर्वत्र गौरव झाला. परंतु कोलकात्याचे डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी त्याआधी आठ वर्षे, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, अशाच पद्धतीने एका मुलीचा जन्म झाल्याचे जाहीर केले होते. जगातील पहिले असे मूल इंग्लंडमध्ये जन्मून तेव्हा जेमतेम सत्तर दिवस झाले होते. डॉ. मुखोपाध्याय यांनी संप्रेरके देऊन स्त्रीबीजे वाढविली, फलित गर्भ गोठवून ठेवला आणि नंतरच्या पाळीच्या चक्रात तो गर्भाशयात सोडला. आज या पद्धती जगभर रूढ आहेत. त्या वेळी मात्र शासकीय चौकशी समितीने त्यांचा दावा अमान्य केला. १९८१ मध्ये त्यांनी उपेक्षेतच जगाचा निरोप घेतला.

पुढे त्यांची टिपणे डॉ. आनंद कुमार यांच्या हाती आली. त्यांनी ती बारकाईने अभ्यासली आणि १९९७ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात लेख लिहून पहिल्या यशाचे श्रेय डॉ. मुखोपाध्याय यांचे असल्याचे जाहीर केले. हे श्रेय तोवर ज्यांच्या स्वतःच्या नावे जमा होते, त्यांनीच ते दुसऱ्याच्या खात्यावर वर्ग केले! हिशेबाच्या व्यवसायात आयुष्य गेलेल्या आम्हांस याहून प्रामाणिक नोंद माहीत नाही.

कुटुंबीयांनी काय लक्षात ठेवावे?

एक वर्ष प्रयत्न करूनही गर्भ राहिला नाही, तर डॉक्टरांकडे जावे. स्त्रीचे वय पस्तिशीपुढे असल्यास सहा महिन्यांनंतरच जावे. पाळी फार अनियमित असल्यास मुळीच थांबू नये.

पहिल्याच भेटीस दोघांनी यावे. मूल न होणाऱ्या सुमारे निम्म्या दांपत्यांत पुरुषाकडील कारण, एकटे किंवा स्त्रीकडील कारणाच्या जोडीने, आढळते. वीर्यतपासणी ही सोपी व कमी खर्चाची असून तिच्यासाठी दोन ते सात दिवसांचा संयम पाळावा लागतो. ती न करता पत्नीवर वर्षानुवर्षे उपचार करणे म्हणजे अर्धाच हिशेब तपासणे होय. व्यायामशाळेत शरीर कमावण्यासाठी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेणाऱ्या तरुणांनी हेही जाणावे की, बाहेरून मिळालेल्या या संप्रेरकामुळे मेंदूचा आदेश थांबतो आणि शुक्रजंतूंची निर्मिती घटते.

संप्रेरकांच्या काही तपासण्यांना दिवसाचे बंधन असते. एफ.एस.एच.ची तपासणी पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, तर प्रोजेस्टेरॉनची पुढच्या पाळीच्या साधारण सात दिवस आधी करतात. चुकीच्या दिवशी रक्त दिल्यास पैसा व एस.टी.चा प्रवास दोन्ही वाया जातात. थायरॉइड अथवा प्रोलॅक्टिनमधील बिघाड बहुतांशी गोळ्यांनी आटोक्यात येतो. मात्र गर्भनलिका बंद असतील, आणि आपल्याकडे त्याचे एक कारण क्षयरोग हे आहे, तर केवळ संप्रेरके देऊन उपयोग होत नाही. म्हणून आधी निदान व्हावे आणि मगच खर्च करावा. शेत गहाण टाकण्यापूर्वी साध्या तपासण्या पूर्ण झाल्या आहेत ना, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे. टेस्ट ट्यूब उपचारांची केंद्रे २०२१ च्या कायद्यानुसार नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. नोंदणी प्रमाणपत्र पाहण्यात संकोच बाळगू नये. तसेच हा उपचार प्रत्येक वेळी यशस्वी होतोच असे नाही, हेही आधीच समजून घ्यावे.

आमचा संकल्प

आमच्या रुग्णालयात टेस्ट ट्यूब उपचारांची सोय नाही व तशी जाहिरातही आम्ही करीत नाही. प्राथमिक तपासण्या, औषधोपचार आणि योग्य ठिकाणी पाठविण्याचा सल्ला, एवढेच आमचे कार्यक्षेत्र आहे. परंतु आपल्या देणग्यांच्या बळावर गरजू दांपत्याची पहिली तपासणी पैशांअभावी अडू नये, एवढे आपण निश्चित करू शकतो.

ओटीभरणाच्या कार्यक्रमात भिंतीलगत मागे उभी राहणारी सून आपण सर्वांनी पाहिली आहे. तिला नावे ठेवण्यास शास्त्रात कोणताही आधार नाही. म्हणून केसपेपर खिडकीवर आम्ही एक साधी सूचना दिली आहे : या तक्रारीसाठी यापुढे दोन केसपेपर काढावेत, एक पत्नीच्या नावे व एक पतीच्या. दुसऱ्या केसपेपरवरील नाव हाक मारल्यावर बाहेरून आत यावे, यासाठी आम्हांस कुटुंबातील वडीलधाऱ्यांचे साहाय्य हवे आहे.