सिंदखेडराजा येथील जाधवरावांचा वाडा : इतिहास आणि वास्तुरचना

जालन्याहून मेहकरकडे जाणाऱ्या मार्गावर सुमारे ३० किलोमीटरवर सिंदखेडराजा हे गाव लागते. येथील लखुजीराव जाधवांचा वाडा राजमाता जिजाऊंचे जन्मस्थान म्हणून सर्वपरिचित असून दरवर्षी १२ जानेवारीला तेथे मोठा जनसमुदाय लोटतो. तथापि एका वतनदाराचे निवासस्थान म्हणून या वास्तूचा विचार क्वचितच होतो.

वतनदाराचे घर हे केवळ घर नसते. फ्रान्समधील ग्रामीण जमीनदारांच्या 'मान्वार' या गृहप्रकाराशी तुलना केल्यास हे अधिक स्पष्ट होते. नॉर्मंडीत झाँ आंगो या धनाढ्य व्यापाऱ्याने १५३० नंतर बांधलेल्या मान्वारच्या अंगणात भव्य कबुतरखाना आहे. कबुतरे पाळणे हा तेथे जमीनदारी हक्क होता. १७८९ च्या क्रांतीत तो रद्द झाला. वास्तूचा एखादा भाग हा हक्काचा जाहीरनामा असतो, असा याचा अर्थ. सिंदखेडला हे कार्य प्रवेशद्वाराने केले. कमानीचा तो भव्य दरवाजा आजही वाटसरूच्या नजरेत भरतो. आत मात्र चौकांची जोती, तळातील काही दालने आणि म्हाळसा महालाचा भाग एवढेच प्रामुख्याने उरले आहे.

हा वाडा एकटा पाहणे योग्य नव्हे. रंगमहाल, साखरवाडा, मोती तलाव, मध्यभागी इमारत असलेला चांदणी तलाव, शिल्पांनी नटलेली पुतळा बारव आणि काळाकोट हे सर्व मिळून एक वसाहत होते. पाणी, संरक्षण व निवास यांची व्यवस्था एकाच घराण्याच्या हाती होती. काळाकोटाच्या प्रचंड भिंती अपुऱ्या राहिल्या, असे मानले जाते. २५ जुलै १६२९ रोजी देवगिरीच्या किल्ल्यात निजामशाही दरबारात लखुजीराव आपले पुत्र व नातवासह मारले गेले. त्यांची समाधी सिंदखेडला आहे. त्यानंतरही गावाचे लष्करी महत्त्व टिकले. डिसेंबर १७५७ मध्ये मराठ्यांनी रामचंद्र जाधव यांना येथेच वेढले आणि त्या संघर्षाअंती निजामाला २५ लाखांचा मुलूख व नळदुर्ग सोडावा लागला.

दगडी दरवाजा टिकला आणि राहते घर गेले, असे का व्हावे? त्याचे उत्तर या भागातील गढ्यांच्या बांधणीत सापडते. गढीचे जोते दगडी. त्यावर पांढऱ्या मातीच्या, तळाशी रुंद व वर निमुळत्या भिंती. आत लाकडी खांब-तुळयांचे खण आणि वर मातीचे माळवद. पांढरी माती पाणी सहसा झिरपू देत नाही, पण तिला दरवर्षी मृगापूर्वी नवा थर आणि चोपणी लागते. ती देणारी माणसे होती तोवर वाडा उभा राहिला. वतनाचे उत्पन्न आटल्यावर प्रथम माळवद गळू लागते, मग तुळया कुजतात किंवा विकल्या जातात. उघड्या भिंतीच्या गाभ्यात पाणी शिरले की चारदोन पावसाळ्यांत ती ढासळते. निजामी मुलखात १९४९ मध्ये जहागिरी संपुष्टात आल्या आणि हा क्रम अनेक ठिकाणी वेगाने घडला. पडलेल्या गढीची माती गावकऱ्यांनी आपल्या माळवदांसाठी व शेतांसाठी नेली. यात दोष कोणाचा नाही. ती माती खरोखरच चांगली असते.

मात्र त्यामुळे स्थापत्याच्या अभ्यासकाला केवळ दगडी अवशेष हाती लागतात, आणि या वास्तू किल्ल्यासारख्याच होत्या असा गैरसमज दृढ होतो. प्रत्यक्षात राहत्या भागाची मोजणी खणांनी होत असे. चौकाभोवतीची ओसरी, माजघर, धान्याचे पेव ही तिची खरी अंगे. २०२४ मध्ये लखुजीरावांच्या समाधीच्या परिसरात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला प्राचीन शिवमंदिराचा पाया व शेषशायी विष्णूची मूर्ती आढळली. जमिनीखालचा हा ठेवा काळजीपूर्वक उकलला जात असताना जालना व बुलढाणा जिल्ह्यांतील पडत्या गढ्यांचे खण-जोते मोजून, नकाशावर उतरवून ठेवणे महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना सहज शक्य आहे. माळवद चोपण्याची रीत ठाऊक असलेली वृद्ध मंडळी आज त्या गावांत आहेत.